दीड मिलिमीटरची जाळी

येलदरी रोड, जिंतूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनी हिस,
पंडितमामाचा सप्रेम जयभीम.

माझ्या हातानं झालेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे पुढचा प्रश्न कोण विचारतंय ते तुला नीट कळेल. कडबा कापायची यंत्रं तीन, त्यातलं एक चारठाण्यात अजून चालतं. हळद घासायचे ड्रम दोन. आपल्या विहाराची कमान आणि तिच्यावरचं चक्र. आऱ्या चोवीस, दोन आऱ्यांत पंधरा अंश, कोणीही येऊन मोजावं. तुझ्या आईच्या लग्नातली लोखंडी खाट, जी एकतीस वर्षांत एकदाही कुरकुरली नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या दळायची मशीन, सन २०१३, मोटर आणि बेअरिंग सोडून सगळी घरची. तिची बारीक जाळी, दीड मिलिमीटरची. भोकं सहा हजार चारशे, एकेक ड्रिलनं पाडलेलं, त्यात सतरा ड्रिल मोडले. आणि मशीनच्या उडत्या भुग्याच्या उशा सहा. या शेवटच्या वस्तूला लोक हसतात, पण मान दुखत नाही.

शिक्षण नववी नापास. तुझे आजोबा येलदरीच्या धरणावर दगड वाहायचे. मी तिथल्या भंगारातले नटबोल्ट वेगळे करता करता मापं शिकलो. मला कोणी शिकवलं असं सांगणारा माणूस सापडला तर मला दाखव.

तू फोन कर म्हणशील. नको. फोनवरचं बोलणं दोघांना दोन तऱ्हेनं आठवतं. कागदावर आकडा हलत नाही.

आता प्रश्न. माझ्या मशीनच्या तोंडाशी एक बाई काम करते. वय एक्कावन्न. अकरा वर्षं ती नळ्या आत सोडते. या जूनपासून तिचा उजवा हात थरथरतो. गंमत अशी की काम करताना हात गप्प असतो. मांडीवर ठेवला की सुरू. त्यामुळं ती बसतच नाही. भांडी झाली की पुन्हा तीच भांडी घासते. परभणीला मेंदूच्या डॉक्टरकडं तीन चकरा झाल्या. पार्किन्सन म्हणाले, म्हणजे कंपवात. गोळ्या दिवसातून तीन, बरं होणार नाही, आटोक्यात राहील.

आधी मला वाटलं मशीनच्या हादऱ्यानं झालं. म्हणून हाताचा व्हिडिओ काढून सावकाश चालवून मोजला. दहा सेकंदांत शेहेचाळीस, म्हणजे मिनिटाला दोनशे शहात्तर. मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फिरते. जमत नाही. हादरा नव्हे.

मग पेपरात चार ओळी आल्या की प्लॅस्टिकचे अतिबारीक कण मेंदूतल्या कुठल्याशा प्रोटीनला बिघडवतात आणि हाच आजार त्यात होता. कात्रण सोबत आहे. तू हैदराबादला प्रोटीनचंच करतेस असं तुझी आई सांगते.

घाई यासाठी की परभणीचे दिनकरराव एका कारखानदार पार्टीकडून आलेत. त्यांना माझ्या मशीनचं चित्र आणि जाळीचा नमुना हवा. ते चाळीस मशीन काढणार आणि प्रत्येकीवर माझ्या नावाची पितळी पट्टी लावणार. ३१ जानेवारीला सही. चाळीस मशीन म्हणजे चाळीस तोंडं, आणि तोंडाशी चाळीस बाया. तेव्हा एका शब्दात लिही: त्या बाईचा हात माझ्या मशीननं बिघडवला का? होय किंवा नाही.

तुझा मामा,
पंडित


हैदराबाद
१९ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सादर जयभीम.

पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं तेव्हा सगळे पाकीट बघायला जमले. इथं कोणाला हातानं लिहिलेलं पत्र येत नाही. तुमचं अक्षर बघून एकजण म्हणाला, हे छापलंय.

मामा, एका शब्दात होत नाहीये, म्हणून सगळं लिहिते.

त्या प्रोटीनचं नाव अल्फा-सिन्युक्लिन. ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मेंदूत असतं आणि तिथं त्याचं काही काम असतं. काठीवर वाळत घातलेल्या शेवया कशा सुट्या असतात, तसं ते चांगल्या मेंदूत सुटं असतं. या आजारात त्या शेवयांना ओल लागल्यासारखं होतं. दोन चिकटतात, मग त्या गुंत्याला आणखी चिकटतात, आणि ज्या पेशींवर हाताचं हलणं-थांबणं अवलंबून आहे त्या मरत जातात. पहिला गुंता कशानं होतो, हे अजून माहीत नाही.

कात्रणातली बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. काही प्रयोगांत पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे कण या प्रोटीनबरोबर परीक्षानळीत ठेवले, तर गुंता लवकर झाला. प्रोटीन त्या कणांना घट्ट धरून बसलं. उंदरांच्या मेंदूत कण सोडून पाहिले, तिथंही तसंच दिसलं. पण परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे, आणि उंदराच्या मेंदूत सुईनं सोडलेला कण म्हणजे शेडमधली धूळ नव्हे. माणसात असं घडण्याची शक्यता आहे, एवढंच म्हणता येतं. ती शक्यता किती मोठी, हे अजून माहीत नाही.

शिवाय या आजाराला वयही कारण असतं, कधी घराण्यातलं काही असतं, आणि काही कीटकनाशकांबद्दल तर प्लॅस्टिकपेक्षा जास्त पुरावा आहे. म्हणून मलाच तुम्हाला विचारायचंय. तुमच्या मशीनमध्ये नेमकं कुठलं प्लॅस्टिक जातं? भुगा किती बारीक? ती बाई तोंडाला काय बांधते? तिनं कधी फवारणी केली का? तिच्या माहेरी कोणाला असं होतं का? आणि तिचं नाव काय, मामा? तुम्ही नटबोल्टचंसुद्धा माप लिहिता, तिचं नाव लिहिलं नाहीत.

खरं सांगू तर मीसुद्धा थकलेय. आठ महिने एकच प्रयोग करतेय. तीनदा जमला, दोनदा नाही. साहेब म्हणतात पुन्हा कर.

तुमची,
सुकेशनी


जिंतूर
१ डिसेंबर २०२४

चि. सुकेशनी हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात ‘शक्यता’ दोन वेळा आहे आणि ‘अजून माहीत नाही’ दोन वेळा. मी गिऱ्हाइकाला शाफ्ट देताना म्हणत नाही की हा बेअरिंगमध्ये बसण्याची शक्यता आहे. असो. तुझ्या धंद्यात तसं चालत असेल.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं घे.

माल: ठिबकच्या जुन्या नळ्या. त्या पॉलिथिलीनच्या असतात. तुमच्या प्रयोगातलं पॉलिस्टायरीन माझ्या मशीनमध्ये जात नाही. मग माझी मशीन सुटली ना?

बारीकपणा: पहिली जाळी दहा मिलिमीटरची होती. माल भरड यायचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. २०१७ मध्ये दीडची केली. रव्यासारखा माल येतो. दोन पात्यांमधली फट मी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालून तपासतो. कागद कापला पाहिजे, चुरगळता कामा नये. जिंतुरात एवढा बारीक माल कोणी काढत नाही, आणि परभणीतही काढतात असं मला वाटत नाही. जालन्याचा व्यापारी चिमटीत धरून म्हणाला होता, पंडितराव, हे तर गव्हाचं पीठ हाय.

पाणी: मूळ मशीनवर पाण्याची धार होती, भुगा बसवायला. २०१६ च्या उन्हाळ्यात प्यायलाच टँकर, मशीनला कुठून आणणार? धार बंद केली. मग कळलं की कोरडा माल वाळवावा लागत नाही आणि व्यापारी ओलेपणाचं वजन कापत नाही. पाऊस आला, पाणी आलं, पण धार मी पुन्हा जोडली नाही. ही सुधारणा माझी स्वतःची. दिनकररावांच्या पार्टीला हीच आवडली.

तोंडाला: पदर.

फवारणी: होय. मशीनच्या आधी ती नऊ हंगाम लोकांच्या कापसावर पाठीवर पंप घेऊन जायची. औषधांची नावं कोणाला आठवत नाहीत, डबे कोणी ठेवले नाहीत. माहेरी कोणाला नाही. येलदरी कॅम्पला जाऊन तिच्या थोरल्या भावाला विचारून आलो.

बघ म्हणजे. फवारणी आहे, आणि प्लॅस्टिक तुमच्या जातीचं नाही. मला तर उत्तर दिसायलंय. पण माझ्या दिसण्यावर मी सही करत नाही. म्हणून सोबत कापराच्या तीन डब्या पाठवतोय. डबी एक: पात्याखालचा भुगा. डबी दोन: शेडच्या आढ्यावरची धूळ. डबी तीन: त्या बाईचा पदर पांढऱ्या कागदावर झटकून जे पडलं ते. तिन्हींवर तारीख, वेळ आणि जागा लिहिली आहे. डब्या धुऊन वाळवल्या होत्या, तरी कापराचा अंश धरून चाल.

नाव विचारलंस. नावानं धुळीत काय फरक पडतो?

पंडितमामा


जिंतूर
९ डिसेंबर

चि. सुकेशनीस सुलामामीचा जयभीम.

पत्ता तुज्या मामाच्या पाकिटावरून उतरून घेतलाय. हे पत्र मी तीन दिसापासून लिवायले. अक्षर लय बारीक यायलंय, आपोआप. ओळ मोठी सुरू करते आन संपस्तोवर मुंगी होती. भिंग लावून वाच.

तुजे मामा जिला ती बाई ती बाई म्हनून लिवत्यात ती मीच हाय. मला असं लपवलंय जनू पळवून आनली. त्यांना वाटतंय, आपल्या मशीननं आपल्याच बायकूचा हात गेला असं भाचीला कसं लिवावं. मला म्हनले कुनाला सांगू नको. मी बी म्हनलं बरं. तुज्या आईला तू बी सांगू नको, ती सांजंपतूर आख्ख्या परभणीला सांगंल.

मला काई लय तरास न्हाई. गोळी खाल्ली की दोन तास हात ऱ्हातो. भाकर थापताना तर कळत बी न्हाई. फकस्त बसलं की हलायलाय, म्हनून मी बसत न्हाई. पाय दुखत्यात एवढंच. तरास हाय तो तुज्या मामाचा. रोज सकाळी माजा हात पाटावर ठिवत्यात, फोन धरत्यात, मोजत्यात. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. परवा पंचेचाळीस आलं तर पेढं आनायचे ऱ्हायले. जेवन निम्मं केलंय. मशीनीम्होरं हुबं ऱ्हाऊन तिच्याकडं असं बगत्यात जनू तिनं घरात चोरी केली.

तर तू एवढं कर. त्यांना लिव की मशीनचा काई संबंद न्हाई. हात गेला तो फवारणीनं गेला. तुजं काय जातंय? माजा हात काई तुज्या लिवन्यानं ऱ्हायचा न्हाई. पन त्या मानसाला जल्मात कुनी कागदावर कारागीर म्हनलं न्हाई. समदे भंगारवाला म्हनत्यात. आता चाळीस मशीनीवर त्यांचं नाव लागायलंय, पितळंचं. ते लागू दे.

पोस्टमन दुपारचा येतोय तवा ते मशीनीवर असत्यात. जवाब दिला तर मलाच मिळंल.

आनखी एक. त्यांच्या त्या भुग्याच्या उशीला पावसाळ्यात माशाचा वास येतोय. मी म्हनते कापसाची आना, तर म्हनत्यात आपल्या हाताची हाय. आता नाकाला वास बी कमीच येतोय म्हना, तवा चालतंय.

सुलामामी


हैदराबाद
२० डिसेंबर २०२४

ती. मामींस,
सादर जयभीम.

भिंगाशिवाय वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं होतंच की ती बाई तुम्ही असाल. मामा दुसऱ्या कोणाचा हात रोज मोजणार नाहीत.

मामी, ‘संबंध नाही’ असं मला लिहिता येणार नाही, कारण ते मला माहीत नाही. ‘संबंध आहे’ हेही माहीत नाही, म्हणून तेही लिहिणार नाही. माझा प्रयोग पाचात दोनदा फसतो तेव्हा साहेबांना मी पाचही सांगते. मामांना तीनच सांगू कशी? आणि माझ्या ‘नाही’वर ते सही करतील. मग तुमच्या जागी कुठंतरी आणखी चाळीसजणी पदर बांधून उभ्या राहतील.

तुम्ही मला लिहिलंत हे मी त्यांना सांगणार नाही. पण तुम्हीच सांगा.

त्या उशीला माशाचा वास का येतो? त्यात काय भरलंय? ते कळेपर्यंत तिच्यावर डोकं ठेवू नका. आणि थोडं बसत जा. हात हलला तर हलू द्या.

तुमची,
सुकेशनी


हैदराबाद
११ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सादर जयभीम.

डब्या तपासल्या. तीन रविवार लागले, कारण मोठं यंत्र फक्त रविवारी मोकळं असतं.

डबी एक: पॉलिथिलीन, तुम्ही लिहिलंत तसंच. कापूर सापडला नाही.

डबी दोन आणि तीन: पॉलिथिलीन आहेच, पण दोन्हींत पॉलिस्टायरीन सापडलं. हलकं, फुगलेलं, म्हणजे साधं थर्माकोल. तिसऱ्या डबीत जास्त. तुम्ही लिहिलं होतंत की ते मशीनमध्ये जात नाही. मग आढ्यावर आणि पदरावर ते कुठून आलं?

आता बारीकपणा. आमच्या सूक्ष्मदर्शकाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतचा कण दिसतो. तेवढे कण डब्यांत पुष्कळ आहेत. त्याहून बारीक आहेत की नाहीत, आम्हाला दिसत नाही. प्रयोगांत ज्या कणांना प्रोटीन चिकटलं, त्यातले काही हजाराव्या भागाच्याही पंचविसाव्या भागाएवढे होते. तुमच्या जाळीच्या एका भोकात असे कण ओळीनं मांडले तर साडेसदतीस हजार मावतील. तेव्हा जाळी दीडची असो की दहाची, असा कण तिला अडत नाही. पण माल जितका बारीक आणि कोरडा, तितकी धूळ जास्त, आणि ती नाकात जाते. याला प्रयोगशाळा लागत नाही, आढं पुरतं.

त्या बाईचा हात मशीनमुळं थरथरतो, असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. मशीनमुळं थरथरत नाही, असं म्हणायलाही नाही. तो पुरावा आज जगात कोणाकडंच नाही, आणि ३१ जानेवारीपर्यंत येणारही नाही. यापेक्षा सरळ मला लिहिता येत नाही, मामा. तुम्ही रागवाल हे माहीत आहे.

धूळ मात्र आजपासून थांबवता येते. पाण्याची धार, हवा बाहेर ओढणारा पंखा, पदराऐवजी चांगला मास्क.

त्या बाईला माझा जयभीम सांगा.

तुमची,
सुकेशनी


जिंतूर
६ फेब्रुवारी २०२५

चि. सुकेशनी हिस,
सप्रेम जयभीम.

माझ्या १ डिसेंबरच्या पत्रात चूक आहे. ती दुरुस्त करतो.

२०१९ आणि २०२० या दोन हंगामांत येलदरीच्या मासे धरणाऱ्यांकडून बर्फाच्या पेट्या आणल्या होत्या. फुटक्या, थर्माकोलच्या. फुकट मिळत होत्या. त्या मशीनमध्ये घातल्या. त्या भुग्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. फुंकर मारली की उडायचा आणि अंगाला चिकटून बसायचा. टाकून द्यायचं जिवावर आलं. म्हणून त्याच्या उशा केल्या. तो माल विकला गेला नाही म्हणून वहीत नाही, आणि वहीत नाही म्हणून मी तो धरलाच नाही. वहीबाहेरही माल असतो हे या वयात कळलं. तुझं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा डबीवरच शंका घेतली, मग तुझ्या यंत्रावर, आणि उशीवर सगळ्यात शेवटी.

सहाच्या सहा उशा शेडमागं नेल्या आणि बादलीभर पाण्यात बुडवून उसवल्या, उडू नये म्हणून. शिवण माझीच. इंचाला सात टाके. भुगा चार वर्षं डोक्याखाली दबून दबून पिठासारखा झाला होता. खोळी विरल्या होत्या. कवडशात उशी नुसती झटकली तरी धूर निघायचा. माझ्या उशीत एवढंच होतं. तिची उशी पाण्याला टेकवतानाच अभ्र्यात तुझं २० डिसेंबरचं पत्र निघालं. जिच्यावर डोकं ठेवू नको असं तू लिहिलंस, तिच्यातच ते ठेवलं होतं. एक कोपरा भिजला, बाकी वाचता आलं.

तिनं तुला काय मागितलं ते तुझ्या उत्तरावरून कळलं. मी पत्र घेऊन घरात गेलो. ती उभीच होती, नेहमीसारखी. मी म्हणालो, “हे काय?”

“पत्र हाय. तुमालाच येत्यात का काय?”

“मला विचारलं असतंस.”

“तुमी मला विचारलं व्हतं का, ती बाई म्हनून लिवताना?”

तेव्हा तुलाही लिहून टाकतो: ती बाई म्हणजे सुला, माझी बायको. तुझा जयभीम तिला सांगितला.

त्या दिवशी मी हात मोजला नाही. त्यानंतरही मोजलेला नाही. शेहेचाळीस असो की पन्नास, आकडा बघून मला करायचं काहीच नव्हतं. नुसता मोजत होतो.

मशीन आठ दिवस बंद ठेवली. दीडची जाळी काढली, दहाची घातली. पाण्याची धार जोडली, खाली हौद केला, घाण पाणी बाहेर जाऊ नये म्हणून तीन कप्पे करून गाळायची सोय केली. गाळ गोणीत बांधून शेडमध्ये एका कोपऱ्यात ठेवलाय. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर लिही. माल आता भरड येतो, ओला येतो, दोन दिवस वाळवावा लागतो. तासाला एकशेदहा किलो निघायचा, आता बावन्न. जालन्याचा व्यापारी फोनवर म्हणाला, पंडितराव, तुमचा हात बिघडला का हो? मी म्हणालो, होय. तोंडाशी आता मी उभा राहतो, मास्क लावून.

दिनकरराव ठरल्याप्रमाणे ३१ तारखेला आले. कागद तयार होते. पट्टीचा नमुनाही आणला होता, लाल कापडात गुंडाळून. अक्षरं चांगली कोरलेली; फक्त ‘पंडित’चा अनुस्वार अर्धा मिलिमीटर उजवीकडं सरकला होता. मी त्यांना ओली मशीन दाखवली. हिचं चित्र देतो म्हणालो, हिच्यावर पट्टी लावा.

ते म्हणाले, “पाण्याची भानगड कशाला? पार्टीला कोरडी पायजे. बाया काय, रुमाल बांधतेत.”

“धूळ चांगली नाही.”

“डॉक्टरनं लिहून दिलं का तसं?”

“नाही.”

“मग?”

“चांगली आहे असंही कोणी लिहून दिलं नाही.”

ते हसले. म्हणाले, “पंडितराव, तुमी तर वकील झालात. घरात विचारून या.” आणि बाजेवर बसले.

मी आत गेलो. सुलानं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, “करा सही. मला काय व्हायचं ते झालंय. पट्टी लागू द्या.”

मी म्हणालो, “तुझ्या जागी दुसरी उभी राहील.”

ती चुलीपुढं बसली. जूनपासून मी तिला दिवसा बसलेली पाहिली नव्हती. उजवा हात मांडीवर ठेवला, तो सुरू झाला, आणि ती त्याच्याकडं बघत राहिली, दुसऱ्याच कोणाचा असावा तशी. बाहेर दिनकरराव खाकरले. मग ती म्हणाली, “नका करू. तिला बी बसता यायचं न्हाई.”

तुला हे नीट कळावं म्हणून लिहितो. तू ‘होय’ लिहिलं असतंस तर मी मशीन फोडली असती. ‘नाही’ लिहिलं असतंस तर ३१ तारखेला सही केली असती, आणि पट्टीचा अनुस्वार सरळ करून मागितला असता. तू दोन्ही लिहिलं नाहीस. तेव्हा रागवलो होतो. आता राग नाही, थकवा आहे. तुझा प्रयोग सहाव्यांदा काय म्हणतो ते कळव. जमला नाही तर तेही कळव.

पहिल्या पत्रातल्या यादीत बदल. उशा सहा खोडल्या. दीडची जाळी खोडली नाही. ती भिंतीला टांगून ठेवली आहे, कारण काम चोख आहे. नवीन एक वस्तू: सुलासाठी स्टीलचा पेला, बुडाला शिसं न वापरता लोखंडाची चकती बसवून जड केलेला, वजन चारशे वीस ग्रॅम. तो मांडीवर धरला की हात जरा कमी हलतो आणि ती चहा बसून पिते.

दिनकरराव जाताना म्हणाले, आकडा एकदा पुन्हा ऐकून घ्या, नंतर म्हणाल सांगितला नाही. मी ऐकून घेतला. तुझ्याकडं लिखित असावा म्हणून इथं लिहितो: कोरड्या मशीनचं चित्र, दीडच्या जाळीचा नमुना आणि चाळीस मशीनवर माझं नाव, याचे ते अकरा लाख चाळीस हजार रुपये देत होते. मी नको म्हणालो.

तुझा मामा,
पंडित